पऱ्हाटीवरची धूळ कोणत्या कलमात बसते?

वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि मग बाया कमरेला ओटी बांधून तासाला, म्हणजे ओळीला, लागतात. मागच्या हंगामात पूजा आटोपली आणि बायांनी रस्त्याकडचे चार तास सोडून पाचव्यापासून वेचायला सुरुवात केली. मला वाटलं, चुकून सुटले. विचारलं तर त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "गुरुजी, थो कापूस वेचाव का झटकाव? वेचाचे पैसे किलोवर भेटतेत, झटकाचे कोन देते?"

तो रस्ता कोळशाच्या गाड्यांचा आहे. आमचं गाव वरोरा तालुक्यात, वर्धा नदीच्या अलीकडच्या अंगाला. काळ्या मातीखाली काळा कोळसा. सोडलेले चार तास शेवटी आम्ही घरच्यांनी वेचले आणि पोतं वेगळं बांधलं. खेडा खरेदीला आलेल्या व्यापाऱ्याने मूठभर कापूस काढला, फुंकर मारली, "हे तं फरदडीवानी दिसते" (फरदड म्हणजे हंगामाच्या शेवटचा हलका कापूस) म्हणाला आणि क्विंटलमागे चारशे रुपये तोडले. २०२५-२६ च्या त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. आमचं ते पोतं त्या भावाच्या आसपासही फिरकलं नाही.

चारशे रुपयांसाठी कुणी कायदे वाचत बसत नाही. मी वाचले, कारण मास्तरकी संपलेली आहे आणि दुपारी झोप येत नाही. मला एवढंच शोधायचं होतं, की पऱ्हाटीवर बसलेली ही धूळ कोणत्या कलमात बसते.

बसते, हे आधी सांगतो. पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ चा. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडलं, त्याच्या धक्क्यातून तो आला. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा. त्या दोहोंच्या वर ही छत्री धरली गेली. खाणीला पर्यावरण मंजुरी मिळते ती या छत्रीखालच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे, आणि मंजुरीच्या कागदाला अटी जोडलेल्या असतात. गाडीवर ताडपत्री हवी, रस्त्यावर पाणी मारलं पाहिजे, कडेला झाडांचा पट्टा हवा. म्हणजे माझ्या चार तासांवर पडलेली धूळ हा अटींचा भंग झाला. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पुढची पानं वाचेपर्यंत.

२०२३ साली संसदेने जनविश्वास कायदा केला. ४२ कायद्यांमधल्या १८३ तरतुदी त्याने बदलल्या, त्यांत हा १९८६ चा कायदाही होता. आधी अशा भंगाला पाच वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. एप्रिल २०२४ पासून कैद गेली आणि तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. तो ठरवणार न्यायालयाच्या ऐवजी अधिकारी, केंद्रात सहसचिव आणि राज्यात सचिव दर्जाच्या खालचा नाही. ठोठावलेला दंड भरला नाही तर मात्र तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे हवा नासवली तर तुरुंग नाही, पैसे बुडवले तर आहे. पाण्याच्या कायद्यातही २०२४ मध्ये असाच बदल झाला. सरकारी खात्याकडून भंग झाला तर खातेप्रमुखाला एका महिन्याच्या मूळ पगाराएवढा दंड, अशीही एक तरतूद आहे. ती कुणाला लागू झालेली पाहायला मिळाली तर मी गावात पेढे वाटीन.

पुण्या-मुंबईकडचे माझे मित्र या बदलावर फार हळहळले. कैद गेली म्हणजे कायद्याचे दात पाडले, असं त्यांचं म्हणणं. मला तेवढं वाईट वाटलं नाही. धुळीपायी आमच्या पट्ट्यातला कुणी तुरुंगात गेल्याचं मी उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. जे दात कधी चावलेच नाहीत ते पडल्याचं दुःख कशाला करायचं? वर्षानुवर्षं तारखा पडण्यापेक्षा एखादा अधिकारी सहा महिन्यांत दंड ठोठावणार असेल तर तेही चालेल, असं मी म्हणेन. माझी तक्रार दोन वेगळ्या गोष्टींबद्दल आहे, आणि दिल्लीतल्या चर्चेत त्या दोन्ही मला सापडत नाहीत.

पहिली साध्या हिशेबाची. कोळशाच्या एका मालगाडीत साधारण ४,००० टन माल असतो. टनाला २,००० रुपये धरा, ८० लाख झाले. कायद्यातला मोठ्यात मोठा दंड १५ लाखांचा. ५८ डब्यांच्या गाडीतले अकरा डबे. रेल्वे फाटकावर थांबलो की मी हल्ली डबे मोजतो. अकरावा डबा गेला की मनात म्हणतो, फिटला दंड, आता उरलेले सत्तेचाळीस नफ्याचे. भंग चालूच राहिला तर दिवसाला १० हजार रुपये आणखी आहेत, हे मान्य. पण दिवसाला १० हजार हा खर्च मोठ्या खाणीच्या हिशेबात डिझेलच्या रकान्यात सुद्धा दिसणार नाही. उलट एखाद्या वीटभट्टीवाल्याला किंवा छोट्या जिनिंगवाल्याला तोच १५ लाखांचा आकडा उठवून लावेल. दंड उलाढालीच्या प्रमाणात का नाही, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही.

दुसरी तक्रार जास्त खोल आहे. तो दंड जातो कुठे? त्यासाठी कायद्याने पर्यावरण संरक्षण निधी उभा केला आहे. जनजागृती, शिक्षण, संशोधन, कायद्याची उद्दिष्टं पुरी करण्याचा खर्च अशी त्याच्या वापराची कारणं कलमात दिली आहेत. ज्याच्या कापसावर धूळ बसली त्याला त्यातला अमुक वाटा, असं कलमात कुठेही नाही. गुन्हा खाणीने केला, पैसे सरकारला मिळाले, आणि म्हातारीचा प्रश्न जागेवरच राहिला: झटकायचे पैसे कोण देणार?

नुकसानभरपाई मागायची तर वाट आहे, राष्ट्रीय हरित लवादाची. २०१० च्या कायद्याने तो झाला. महाराष्ट्रासाठी त्याचं पीठ पुण्यात बसतं. उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपूरला आहे, विधिमंडळ हिवाळ्यात नागपूरला येतं, पण कोळशाची, राखेची, लोखंडाची भुकटी जिथे उडते त्या विदर्भाला हरित न्यायासाठी सह्याद्रीच्या पायथ्याशी जावं लागतं. आता ऑनलाइन सुनावणी होते, हे खरं. पण कामकाज इंग्रजीत चालतं, आणि वकिलाची फी काही ऑनलाइन कमी होत नाही. चार तासांच्या कापसासाठी कोण जाईल पुण्याला?

इथे माझ्या पुतण्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर लेख खोटा होईल. तो टिपर चालवतो. त्याच रस्त्यावर. त्याच्या पगारावर घरातल्या दोन मुली शिकतात. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, निदान तू तरी ताडपत्री बांधत जा." तो हसला. "काका, ताडपत्री बांधाले अन् सोडाले मिळून अर्धा घंटा जाते. ठेकेदार ट्रिपवर पैसे देते. दिवसाच्या सहा ट्रिपा होतेत, ताडपत्री बांधली तं पाच." म्हणजे धूळ कुठून उडते? गाडीतून नाही, ठेकेदाराच्या करारातून उडते. मंजुरीतली अट खाणीला बांधते, खाण ठेकेदाराला काम देते, ठेकेदार ट्रिपवर पैसे देतो, आणि त्या साखळीच्या शेवटच्या कडीला माझा पुतण्या आणि माझी पऱ्हाटी समोरासमोर उभे असतात. 'विकास हवा की पर्यावरण' असं विचारणाऱ्यांना मी या मुलाला भेटवू इच्छितो. त्याला दोन्ही हवं आहे. त्याला ताडपत्री बांधायच्या अर्ध्या तासाचे पैसे हवे आहेत. वाहतुकीचा करार ट्रिपवर करू नये, एवढी एक ओळ मंजुरीच्या अटींत आली तर हजार पानांच्या सुधारणेपेक्षा आमची हवा जास्त स्वच्छ होईल. पण ती ओळ सुचायची तर आधी कुणीतरी ड्रायव्हरला विचारायला हवं.

विचारण्याची सोय कायद्यात आहे. तिचं नाव जनसुनावणी. २००६ ची अधिसूचना सांगते, की प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ सुनावणी घ्या, निदान ३० दिवस आधी जाहिरात द्या, एक जाहिरात स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात असू द्या. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा नको. चित्रीकरण करा. शेवटी स्थानिक भाषेतला गोषवारा लोकांना वाचून दाखवा, समजावून सांगा आणि त्याच दिवशी त्यावर सही करा. वाचायला फार सुंदर आहे. त्यातच एक वाक्य असंही आहे, की सुनावणी सुरू करायला गणसंख्येची अट नाही. कुणी आलं नाही तरी सुनावणी झाली. आमच्या ग्रामसभेला गणसंख्या लागते, सहकारी सोसायटीच्या सभेला लागते. नदीचा प्रवाह वळवायचा असेल तर लागत नाही.

आमच्या शेजारच्या खाणीचा विस्तार निघाला तेव्हा मी अशा सुनावणीला गेलो होतो. मूळ अहवाल पाचशेच्या वर पानांचा, इंग्रजीत. मराठीत पंधराएक पानांचा सारांश. त्या सारांशात 'फरारी उत्सर्जन' असा शब्द होता. तीन वेळा वाचल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला, की ही रस्त्यावरून उडणारी धूळ. इंग्रजी शब्द कोशात पाहून कुणीतरी तसाच मराठीत आणून ठेवला होता. मंडपात माझ्या मागे बसलेला एकजण शेजाऱ्याला विचारत होता, "फरार कोन झालं बे?" मी सोबत त्या कापसाची एक पिशवी नेली होती (हा आधीच्या एका हंगामातला कापूस, काळा मात्र तेवढाच). माझी पाळी आली तेव्हा मी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ही माझी हरकत. अधिकारी सभ्य होते. त्यांनी कापूस हातात घेऊन पाहिला, बोटं रुमालाला पुसली आणि म्हणाले, "गुरुजी, हे इतिवृत्ताला जोडता येत नाही. लेखी द्या." लेखी दिलं. पुढे इतिवृत्तात आलं ते असं: एका ग्रामस्थाने धुळीबाबत सूचना केली; योग्य उपाययोजना सुरू असल्याचे प्रकल्पाच्या प्रतिनिधींनी सांगितले. रुमालाचा उल्लेख नव्हता.

तरी आम्हाला मंडप मिळाला, हेच नशीब. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी २०२२ मध्ये डोंगराच्या पायथ्याशी न होता गडचिरोलीला, जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. कारण सुरक्षेचं असेल. पण ज्याला सकाळी एसटी मिळत नाही त्याच्यासाठी सुनावणी झाली काय आणि न झाली काय. आणि आमच्यासारख्या कोळशाच्या पट्ट्यात तर सुनावणीच टळण्याची सोय झाली आहे. ज्या खाणींनी आधी ४० टक्के विस्तार करून घेतला आहे त्यांना मे २०२२ च्या कार्यालयीन पत्राने ५० टक्क्यांपर्यंत नव्या सुनावणीविना जाता येतं. दहा-दहा टक्क्यांनी खाण मोठी होते. गावाला कळतं ते भिंतीला तडा गेल्यावर.

भाषेचा मुद्दा मी मराठीचा मास्तर म्हणून ताणतो आहे असं वाटेल, म्हणून एक जुनी गोष्ट आठवून देतो. मार्च २०२० मध्ये केंद्राने पर्यावरणीय मंजुरीच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. सुनावणीच्या सूचनेचे ३० दिवस २० वर आणायचे, मंजुरी न घेता सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून मंजुरी द्यायची, असं त्यात होतं. टाळेबंदी चालू, आणि मसुदा इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० ला आदेश दिला, की मसुदा आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत छापा. केंद्राने काय केलं? मराठी, तेलुगू, ओडिया भाषांतरकार शोधले? नाही, त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. कायदा लोकांच्या भाषेत आणण्याची सक्ती आमच्यावर नाही, असा एकूण सूर. तो मसुदा पुढे अंतिम झालाच नाही. लाखो हरकती गेल्या होत्या. पण सरकार आपल्या भूमिकेच्या समर्थनासाठी वकील उभे करू शकतं आणि पानं भाषांतरित करू शकत नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

आता झुडपी जंगल. हा शब्द विदर्भाबाहेरच्या वाचकाला ठाऊक असण्याचं कारण नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे आमचे सहा जिल्हे आधी मध्य प्रांतात आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते. तिथल्या महसुली दप्तरात ज्या जमिनीवर खुरटी झुडपं, गवत, काटेरी बोरी-बाभळी होत्या तिला 'झुडपी जंगल' लिहिलं जायचं. गावाचा निस्तार तिच्यावर चालायचा: गुरं चारायची, सरपण, कुंपणाला काट्या. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर आणि वनाची व्याख्या रुंदावणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन निकालानंतर प्रश्न उभा राहिला, की दप्तरात 'जंगल' लिहिलंय म्हणजे हे वन झालं का? तोवर त्या जमिनीवर शाळा झाल्या होत्या, घरं झाली होती, स्मशानं झाली होती. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: हे वनच आहे. ८६ हजार हेक्टरहून जास्त जमीन. १९९६ आधीच्या वाटपांसाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव न्यावा, त्यासाठी बदली वनीकरणाची, म्हणजे दुसरीकडे झाडं लावून देण्याची, अट असणार नाही. त्यानंतर जमिनी वाटणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी.

निकाल मला पटला. झुडपी जमीन पडीक दिसते, पण आमच्या गवळ्या-धनगरांना आणि गोवाऱ्यांना विचारा ती पडीक आहे का. उन्हाळ्यात टिटवी, ससा, कोल्हा तिथेच. दिल्लीहून नकाशात पाहणाऱ्याला मात्र ती 'निकृष्ट जमीन' दिसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिटची योजना आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची पद्धत ठरली, तेव्हा झाडं लावायला कोणती जमीन धरायची? विरळ जंगल, झुडपी जमीन, पडीक जमीन. हेक्टरी ११०० झाडं. जिथे मुळात गवत आणि बोरी उगवायच्या तिथे खड्डे खणून रोपं लावायची, कुंपण घालायचं आणि त्याचे गुण कंपनीच्या नावे जमा करायचे. कुंपण आलं की गुरं बाहेर. गवताळ रानाला रान न मानण्याची ही खोड इंग्रजांच्या वनखात्यापासूनची आहे, नव्या नावाने परत येते इतकंच.

पण मला पटलेल्या निकालातला सल वेगळा आहे. शेजारच्या एका गावात स्मशानशेडचं काम चार वर्षं अडलं. जागा झुडपी निघाली. पावसाळ्यात तिथे ताडपत्री धरून प्रेत जाळतात. (ताडपत्री या लेखात अशी दोनदा येईल असं मला लिहायला बसताना वाटलं नव्हतं.) गाव कायद्याने बांधलेलं आहे, इंचभर इकडे-तिकडे नाही. आणि मोठ्या प्रकल्पांचं काय? १६ मे २०२५ ला, म्हणजे झुडपीच्या निकालाच्या सहाच दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर सांगितलं होतं, की आधी काम सुरू करायचं आणि मागाहून पर्यावरण मंजुरी घ्यायची हा प्रकार बंद. २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ चं कार्यालयीन पत्र त्यांनी रद्द केलं. सहा महिने ते टिकलं. १८ नोव्हेंबर २०२५ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. बांधलेलं पाडावं लागेल, सार्वजनिक पैसा बुडेल, हे एक मोठं कारण. न्यायमूर्ती भुयान यांनी विरोधी मत लिहिलं. झुडपीचा निकाल आणि हा निकाल, दोन्हींत तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, आपल्या अमरावतीचे. त्यांच्याबद्दल आदर राखूनच विचारतो: बांधून झालेल्या कारखान्याची गय होते, कारण पैसा बुडेल, मग स्मशानाच्या चार खांबांना दिल्लीपर्यंतचा रस्ता का?

खरं तर या खांबांसाठी कायद्यात एक जवळची वाट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात शाळा, अंगणवाडी, रस्ता, तलाव अशा १३ सोयींसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीवर. स्मशान त्या तेरांत नाही. ते घालायला एका ओळीची दुरुस्ती पुरेल. पण सुधारणा नेमक्या उलट्या दिशेने झाल्या. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती पाहण्याची जी अट होती ती सैल केली आणि ती जबाबदारी राज्याच्या गळ्यात टाकली. केंद्राची मोहोर उठल्यावर राज्याचा कोणता अधिकारी ग्रामसभेकडे नकार मागायला जाईल?

वीजकेंद्रांच्या धुराची गोष्ट मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये गंधकाच्या धुरावर मर्यादा आली, २०१७ पर्यंत यंत्रं बसवायची होती, मुदत वाढत गेली, आणि ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या सुमारे तीन चतुर्थांश केंद्रांना त्या यंत्रातून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं, यंत्रं महाग आहेत, हे सरकारचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. मला खटकतो तो निकष: १० किलोमीटरच्या आत दशलक्षी शहर असेल तर यंत्र लागेल, अतिप्रदूषित ठरलेला भाग जवळ असेल तर प्रकरण पाहून ठरवू, बाकीच्यांना माफ. चंद्रपूर अतिप्रदूषित यादीत २००९ पासून आहे म्हणून त्याचा निदान विचार होईल. ज्या केंद्राच्या भोवती फक्त धानाची आणि कापसाची गावं आहेत, तिथे फुप्फुसं आहेत की नाहीत याचाच हिशेब नाही.

आणि हवामान बदल. त्याच्यासाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. २००८ चा राष्ट्रीय कृती आराखडा आहे, २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची घोषणा आहे, २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्तीतून आलेला कार्बन बाजार आहे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या १४ आणि २१ या अनुच्छेदांत आहे. खटला होता माळढोकाचा. तो पक्षी आमच्या वरोऱ्याच्या माळावरही असायचा; जाता जाता माणसांना एक हक्क देऊन गेला म्हणायचं. पण हक्क दिला तर तो कुणाकडे मागायचा, हे सांगणारा कायदा लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि तेंदूपत्ता तोडणारी बाई रानात कोसळली, तर तहसीलदार काय करतो? २०२१ ते २०२६ या वित्त आयोगाच्या काळात राज्याच्या आपत्ती निधीसाठी केंद्राने धरलेल्या १२ आपत्ती पाहा: चक्रीवादळ, त्सुनामी, हिमस्खलन, थंडीची लाट. उष्णतेची लाट त्यांत नव्हती. राज्याला वाटलं तर निधीतल्या १० टक्क्यांतून बघायचं. उन्हाने भाजणाऱ्या आमच्या ब्रह्मपुरीच्या माणसाला हिमस्खलनापासून संरक्षण होतं.

तेव्हा हवामानाचा कायदा करायचा असेल तर त्याने २०७० बद्दल कमी बोलावं. कोणत्या तापमानाला रोजगार हमीचं काम थांबेल, मजुरी तरीही मिळेल का, पाण्याची जबाबदारी कुणाची, हे लिहावं, आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहावं. दंड उलाढालीवर असावा. त्यातला निम्मा वाटा ज्या गावाच्या शिवारात भंग झाला तिथल्या नुकसानीसाठी जावा. मराठीतला पूर्ण अहवाल नसेल तर सुनावणी बेकायदा धरावी. ही मागणी करणारा मी एकटा निवृत्त मास्तर आहे, हे मला कळतं.

"गावाला हे झेपेल का," असं विचारणारे साहेब मी पाहिलेत. त्यांनी धानोरा तालुक्यात मेंढा-लेखाला जाऊन यावं. २००९ मध्ये त्या गोंडांच्या गावाला १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावाच्या हातात आले. बांबू विकणं, हिशेब ठेवणं, रान राखणं हे गाव करतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांची. जे गाव १,८०० हेक्टर जंगल सांभाळतं ते एका रस्त्यावर आज पाणी मारलं की नाही, एवढं नक्की सांगू शकतं.

कारण सध्या ते सांगते खुद्द खाण. अटी पाळल्या का, याचा अहवाल प्रकल्पवाल्याने वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. आमच्या रस्त्याबद्दलचा एक मी उघडून पाहिला. 'नियमित पाणी फवारणी केली जाते. अट पूर्ण.' सोबत टँकरचा फोटो. टँकर मी ओळखतो. कुणी साहेब येणार असले की आदल्या संध्याकाळी तो फाट्यावर येऊन उभा राहतो. माझी सुधारणा एवढीच आहे, की त्या अहवालाला ग्रामसभेचा ठराव जोडल्याशिवाय तो अहवाल धरू नये. अट पाळली की नाही, हे ज्यांच्या अंगणात ती पाळायची त्यांनी लिहावं, मराठीत, वेचणाऱ्या बायांच्या सह्या-अंगठ्यांसह.

कायदा होईल तेव्हा होईल. मी येत्या ग्रामसभेसाठी विषय दिला आहे: 'कोळसा वाहतूक रस्त्यावरील अटींच्या पालनाबाबत गावाचा अहवाल तयार करणे.' सरपंचबाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "गुरुजी, हे कोन्या कलमात बसवू?" ग्रामसेवकाने थोडा विचार करून विषय शेवटी टाकला, आयत्या वेळी येणाऱ्या विषयांमध्ये. पिशवी मी सोबत नेणार आहे. यावेळी ती इतिवृत्ताला जोडता येईल असं ग्रामसेवक म्हणाला. फक्त कापूस थोडा कमी आणा, फाइल बंद होत नाही.